ऑडिटपुरती टेक्नॉलॉजिस्ट

मालक लिंडसे बरोजने लिहून दिलेलं पत्र निर्जला खतिवडाने कारखान्याबाहेर गाडीत बसून वाचलं, आणि तिला आधी हसूच आलं.

पत्र मोठं गोड होतं. निर्जला आमच्या कुटुंबातलीच आहे. ती वेळेवर येते, सदैव हसतमुख असते. नमुन्यांना चिठ्ठ्या लावणं, काचेची भांडी धुणं, लॅब नीटनेटकी ठेवणं अशा कामांत तिची फार मदत होते. नाताळच्या जेवणाला तिने घरून करून आणलेले मोमो सर्वांना अतिशय आवडले. पद: लॅब असिस्टंट. खाली लिंडसेची ऐसपैस सही.

मोमोंना एक आख्खं वाक्य मिळालं होतं. दोन वर्षांत तपासलेल्या बदामांच्या हजारभर लॉटना एक शब्दही नाही.

हे पत्र तिला भिंतीवर लावायला नको होतं. पदवीनंतर मिळालेल्या व्हिसाचे पाच महिने उरले होते. त्यानंतर या देशात राहायचं तर कुशल कामाचा व्हिसा हवा. तो मागायचा तर आधी एका संस्थेला पटवून द्यायला हवं की बाई खरंच फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे: त्या विषयात शिकली आहे आणि शिकल्यावर निदान वर्षभर तिने पगारावर तेच काम केलं आहे. शिक्षणाची अडचण नव्हती. नेपाळमधल्या धरानहून येऊन ॲडलेडच्या विद्यापीठात तिने अन्नशास्त्रात मास्टर्स केलं होतं, तेही बऱ्या गुणांनी. कामाचीही अडचण नव्हती. म्हातारा कॉलिन निवृत्त होऊन नातवंडांकडे क्वीन्सलंडला गेला, तेव्हापासून या बदामाच्या कारखान्याची लॅब ती एकटी चालवत होती. कॉलिन फूड टेक्नॉलॉजिस्ट होता. त्याच्या खुर्चीवर ती बसली, त्याची यंत्रं तिने हाताळली, त्याने घालून ठेवलेले घोळ तिने निस्तरले. पण खुर्ची तिला मिळाली तरी पद कॉलिनबरोबर क्वीन्सलंडला गेलं होतं.

आणि ते पद कागदावर लिहून देणारा माणूस जगात एकच होता.

ॲडलेडचे भूपेंद्र सिलवाल हे व्हिसाचे सल्लागार. मूळचे धरानचेच, म्हणून ती त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी पत्र वाचून फोन केला.

"बहिनी, मोमो फार छान झाले होते वाटतं."

"सर, थट्टा नका करू."

"मी कुठे करतोय? त्याने केली आहे. हे पत्र पाठवलंस तर ते तुला बाटल्या धुणाऱ्यांत धरतील. बाटल्या धुणाऱ्याला या व्हिसात जागा नाही. तुझी पदवी तिथेच गळाली म्हणून समज."

"पण मी काम तर तेच करते."

"तू काय करतेस ते तिथे बसलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला कागद दिसतो. दुसरं पत्र आण. पदाचं नाव, तारखा, रोजची कामं एकेक करून. गोडवा नको." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आणि फोनवरची पहिली दहा मिनिटं फुकट असतात हं. ती आता होत आलीत."

धरानच्या माणसाने धरानच्या मुलीवर एवढी मेहेरबानी केली.

लिंडसे बरोज वाईट माणूस आहे असं लॉक्स्टन गावात कोणी म्हटलं नसतं. थंडीतही अर्ध्या चड्डीत फिरणारा, लालबुंद चेहऱ्याचा, समोरच्याच्या खांद्यावर थाप मारून बोलणारा. फुटबॉल क्लबच्या जर्सीवर त्याचं नाव, शाळेच्या जत्रेत सॉसेज भाजायला तो पुढे. या देशात मालकालाही नावानेच हाक मारायची आणि एकेरीत बोलायचं, त्यामुळे सगळे सारखेच आहेत असं वाटत राहतं. पगाराच्या दिवशी वाटत नाही. निर्जलाचं नाव त्याला दोन वर्षांत उच्चारता आलं नव्हतं. तो तिला निज म्हणायचा आणि आपण प्रेमाने म्हणतो असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ती पत्र घेऊन त्याच्या ऑफिसात गेली.

"लिंडसे, या पत्रात माझं काम नाहीये."

"आहे की! वाच ना. कुटुंबातली म्हटलंय मी तुला."

"कुटुंबाचा व्हिसा नकोय मला. कामाचा हवाय. मी फूड टेक्नॉलॉजिस्टचं काम करते, तेवढं लिही."

लिंडसेने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. अडचणीच्या वेळी तो हेच करायचा. "हे बघ निज, पदबिद म्हणजे नुसते शब्द असतात गं. मला विचारशील तर मीसुद्धा इथे झाडूच मारतो. पण तुला टेक्नॉलॉजिस्ट लिहिलं की पगारवाल्या बाईला टेक्नॉलॉजिस्टचा पगार लावावा लागणार. तो गेल्या दोन वर्षांचा पण लागेल. मग बाकीचे विचारणार, आमचं काय. उगाच घरात कटकट. तू सगळ्यांची लाडकी आहेस, ते बिघडवायचं कशाला?"

म्हणजे त्याला कळत होतं. निर्जलाला त्याचंच जास्त लागलं. मूर्खपणाने लिहिलेलं पत्र असतं तर तिने सोडून दिलं असतं. हे पत्र त्याने विचार करून, पद काळजीपूर्वक टाळून लिहिलं होतं, आणि जागा भरायला मोमो घातले होते.

ती गावात टेकराज अधिकारी आणि मंजू या जोडप्याच्या घरी एक खोली घेऊन राहायची. टेकराजला ती दाइ म्हणजे दादा म्हणायची, मंजूला भाउजू म्हणजे वहिनी. दाइ गावातल्या हॉटेलात मुख्य आचारी होता. त्यानेही इथे अकाउंटिंगमध्ये मास्टर्स केलं होतं. पण तो पास झाला त्या वर्षी हिशेबनीसांची एवढी गर्दी झाली होती की त्याचा नंबर लागणं अवघड, आणि आचारी मात्र हवे होते. मग त्याने पुन्हा फी भरून स्वयंपाकाचा कोर्स केला. आता तो पक्का रहिवासी होता आणि रोज दीडशे लोकांना कोंबडीचे तळलेले काप वाढत होता.

"सहा वर्षं मी ताळेबंद शिकलो," गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी ढवळता ढवळता तो म्हणाला, "आणि सरकारने मला एकच विचारलं, कांदा चिरता येतो का? म्हटलं, येतो साहेब. म्हणाले, या मग."

"आता रडगाणं पुरे," मंजू भाउजू म्हणाली. "तिला काहीतरी कामाचं सांगा."

"कामाचं सांगू? त्या लिंडसेला सांभाळून घे बहिनी. पाच महिने आहेत. त्याच्या बायकोला मोमो शिकव. त्याच्या कुत्र्याला फिरव. त्याच्या हातात पेन आहे, तुझ्या हातात काय आहे?"

"माझ्या हातात त्याची लॅब आहे, दाइ."

"ती त्याची आहे, असं तूच आत्ता म्हणालीस."

निर्जलाला त्याचा राग आला, आणि तो बरोबर बोलतोय याचा त्याहून जास्त आला. ओळखीतल्या दहांतले आठ जण हेच करत होते. कोणी मालकाच्या मुलाला गणित शिकवत होता, कोणी सुट्टीच्या दिवशी मालकाचं कुंपण रंगवत होता, आणि सगळे जण घरी फोनवर सांगत होते की आमचे साहेब फार चांगले आहेत. दोन वर्षं तीही सांगत आली होती. नाताळचे मोमो तिने कोणाच्या सांगण्यावरून केले नव्हते. पहाटे उठून दोनशे मोमो वळताना मनात कुठेतरी हे पत्रच होतं, हे तिला आता स्वतःशी कबूल करावं लागलं. ते आठवून तिचे कान गरम झाले.

मे महिन्यात वर्षाचं ऑडिट यायचं. युरोपातल्या मोठ्या गिऱ्हाइकांना बदाम विकायचे तर बाहेरची माणसं येऊन कारखाना तपासून जातात. लिंडसेला फायलींचा तिटकारा. त्याने आठवडाभर आधी पाच जाडजूड फायली लॅबमध्ये आणून आदळल्या.

"निज, यांत जरा रंगीत चिठ्ठ्या लावून दे ना. तुझं अक्षर छान आहे."

चिठ्ठ्या लावणं हे तिचं अधिकृत कामच होतं, पत्रात लिहिलेलं. ती लावत बसली. तिसऱ्या फाइलमध्ये कारखान्यातल्या जबाबदार माणसांचा तक्ता होता. सगळ्यात वर लिंडसे बरोज, व्यवस्थापकीय संचालक. खाली उत्पादन, देखभाल, गोदाम. आणि उजव्या बाजूला एका चौकटीत: फूड टेक्नॉलॉजिस्ट, निर्जला खतिवडा, एम.एस्सी. सोबत तिच्या पदवीची छायाप्रत जोडलेली, नोकरीच्या अर्जाबरोबर तिनेच दिलेली. तिने मागच्या वर्षीची फाइल काढली. त्यातही तेच. पद कधीपासून, तर कॉलिन गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. लिंडसेची सही, दोन्ही वर्षी.

तिला एकदम कळेना की ओरडावं की काय करावं. यंत्राची घरघर चालू होती. ती उठली, यंत्र बंद केलं, हात धुतले, आणि तक्त्याचं पान फोनवर टिपून घेऊन लिंडसेच्या ऑफिसात गेली.

"हे काय आहे?"

लिंडसेने फोन लांब धरून पाहिलं. "हां, ते. ते ऑडिटचं आहे."

"यात मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. दोन वर्षांपासून."

"त्यांना लागतं गं तसं कोणीतरी. पदवीवालं माणूस नसलं तर ते प्रमाणपत्र देत नाहीत. तुझी पदवी होतीच, म्हणून घातली."

"आणि माझ्या पत्रात मी बाटल्या धुते."

"ते पत्र वेगळ्या लोकांसाठी आहे, निज." एखाद्या लहान मुलीला समजवावं तसं तो शांतपणे म्हणाला. "हा कागद ऑडिटवाल्यांचा, तो कागद व्हिसावाल्यांचा. ते काही एकमेकांना भेटत नाहीत."

 हा माणूस खोटं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. त्याच्या लेखी निर्जला म्हणजे दोन माणसं होती. एक पदवीवाली, ती फाइलमध्ये राहायची, वर्षातून एकदा बाहेर निघायची आणि तिला पगार लागत नव्हता. दुसरी भांडी धुणारी, ती रोज साडेसातला यायची.

"ऑडिट होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग बसू आपण निवांत. बघू काय करता येतं."

दोन वर्षांत हे 'बघू' तिने इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ तिला पाठ होता.

ऑडिटच्या आदल्या दिवशी सत्तावीस नंबरचा लॉट तपासायला आला. त्या लॉटचे बदाम मार्चच्या शेवटी झाडांखाली पडलेले असताना तीन दिवस पाऊस लागला होता, आणि लिंडसेने ते पुरते वाळायच्या आत गोदामात भरले होते. निर्जलाने तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हाही तो 'बघू' म्हणाला होता. ओल्या बदामावर बुरशी धरते. बुरशीतून जे विष उतरतं ते दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही, आणि ते यकृताला खातं. म्हणून तर लॅब असते. तिने लॉटमध्ये ठिकठिकाणी खोल हात घालून नमुने काढले, दळले, अर्क काढून यंत्रात घातला. आकडा मर्यादेच्या दुप्पट आला. तिने नव्याने नमुने काढून पुन्हा तपासलं. दुपटीच्याही जरा वरच आला.

लिंडसे स्वतः लॅबमध्ये आला. एरवी तो दारातूनच बोलायचा.

"तो लॉट शुक्रवारी जहाजावर चढायचाय निज."

"नाही चढणार. विष आहे त्यात."

"अगं, थोडंसं असेल. वरच्या वरचे काढून बघ ना परत. मी आत्ताच खाल्ले चार. हे बघ, जिवंत आहे."

"वरचे कोरडेच असतात. मी खालचे काढले."

"एवढं खाली कशाला जायचं?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मग त्याने दार लोटून घेतलं आणि तिच्या स्टुलावर बसला. टोपी काढली, डोकं खाजवलं, पण या वेळी टोपी परत घातली नाही. "बरं ऐक. तुझं ते पत्र. मी विचार केला. तुझं खरंय. फूड टेक्नॉलॉजिस्ट लिहितो, दोन वर्षं लिहितो, तू सांगशील ती सगळी कामं लिहितो. आजच्या आज. तू हा लॉट पास कर. दोघांचंही भागलं. त्या गोऱ्या लोकांना तिकडे एवढं तेवढं पचतं."

"तू पण गोराच आहेस लिंडसे."

"तेच तर सांगतोय, मला पचलं."

तिने जेवायची सुट्टी संपेपर्यंत वेळ मागितला. तो उदारपणे म्हणाला, घे, घे.

डबा घेऊन ती मरे नदीच्या काठी गाडी लावून बसली. पाणी मातकट, संथ. काठावर दोन पेलिकन पक्षी, सरकारी नोकरीत असल्यासारखे. डबा उघडलाच नाही. खोटं कशाला सांगायचं, पहिला अर्धा तास ती पत्राचाच विचार करत होती. कोण कुठले युरोपातले लोक. कोणाच्या केकमध्ये चिमूटभर पूड पडणार. आणि इकडे आईने धरानच्या शेजाऱ्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं की मुलगी तिकडे कायमची झाली. तिने टेकराज दाइला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मागे कढईचा आवाज येत होता.

"सही कर," दाइ म्हणाला. जराही न थांबता. मग जरा थांबून म्हणाला, "नाही, थांब. मी इथे कोणाला वासाची कोंबडी वाढत नाही. चूल माझी नाही, हॉटेल माझं नाही, तरी नाही वाढत. का ते मला विचारू नकोस. आता ठेव, तीन ऑर्डर पडल्यात."

फोन ठेवल्यावर तिचं मन दाइच्या कोंबडीत नाही, लिंडसेच्या एका शब्दात अडकलं. 'लिहितो.' काय लिहिणार होता तो? जे खरं होतं ते. दोन वर्षांचं तिचं स्वतःचं काम. जे तिचंच होतं, जे त्याने दाबून ठेवलं होतं, तेच तो तिला लाच म्हणून देत होता, आणि वर तिने त्याचे उपकार मानावेत अशी त्याची अपेक्षा होती. तिला त्याची घृणा आली असं म्हणणं कमी होईल. तिला तो इतका क्षुद्र वाटला की राग धरायलाही त्याच्यात जागा सापडेना. अशा माणसासाठी आपण दोनशे मोमो वळले.

ती परत आली. निकालाच्या छापील कागदावर तिने आकडे भरले, दोन्ही वेळचे. शेरा: नाकारला. आजवर ती खाली नुसती आद्याक्षरं टाकत आली होती. आज तिने पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली, फाइलमधल्या चौकटीत होतं अगदी तसंच, फूड टेक्नॉलॉजिस्ट, एम.एस्सी. कागद ऑडिटच्या फाइलमध्ये लावला. वर रंगीत चिठ्ठी लावली, लाल. गोदामात जाऊन लॉटला अडवणुकीची पट्टी बांधली आणि लिंडसेला सांगून आली.

तो काही ओरडला नाही. त्याला ओरडणं जमायचं नाही. "फार निराश केलंस तू मला," एवढंच म्हणाला, आणि कुटुंबातली माणसं आता अशी वागायला लागली तर कसं व्हायचं, अशा नजरेने बघत बसला. संध्याकाळी त्याने तो कागद फाइलमधून काढायला हात घातला असेलही. पण लॉटला पट्टी होती, यंत्रात नोंद होती, आणि गोदामातल्या चौघांनी ते बघितलं होतं.

ऑडिटला आलेल्या बाईंचं नाव थुय होआंग. बुटक्या, करड्या केसांच्या, कारखान्यात घालायचे स्वतःचे बूट घेऊन आलेल्या. लिंडसेने त्यांच्यासाठी स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणि मुरंबा मांडून ठेवला होता. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. फायली मागवल्या आणि लाल चिठ्ठीपाशी थांबल्या.

"हा लॉट काल नाकारलाय."

"हो, हो," लिंडसे पुढे झाला. "आमची पद्धत कडक आहे. मी स्वतः लक्ष घालतो. त्याचं असं झालं की..."

"सही तुमची नाही. ज्यांची आहे त्यांना बोलवा."

निर्जला पांढरा कोट घालून आली. होआंग बाईंनी तिला तासभर पिळून काढलं. नमुने किती, कुठून, किती खोलीवरून? यंत्र शेवटचं कधी जुळवून घेतलं? दुसऱ्यांदा का तपासलं? ही पद्धत कोणी लिहिली? कॉलिनच्या वेळची कुठे गेली? निर्जला एकेक करून सांगत गेली. सुरुवातीला ती मोजूनमापून बोलत होती. मग कामाचं बोलायला लागल्यावर तिला भान राहिलं नाही, आणि एका ठिकाणी तर तिने बाईंचीच चूक काढली. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे," आणि आपल्या वहीत खोडून लिहिलं. लिंडसे बाजूला बसून स्कोन खात होता.

"तुम्ही या पदावर कधीपासून आहात?" बाईंनी विचारलं.

 निर्जलाने नुसतं लिंडसेकडे पाहिलं.

लिंडसेच्या तोंडात स्कोन होता. तो गिळायला त्याला वेळ लागला. दोन वर्षं या जागी पदवीवालं कोणी नव्हतं असं म्हटलं तर मागची दोन प्रमाणपत्रं गेली, आणि त्यांच्याबरोबर युरोप गेला. त्याच्या लालबुंद चेहऱ्यावर तो हिशेब पूर्ण होताना निर्जलाला स्पष्ट दिसला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. आणि बाईंनी मान वर केली तेव्हा आणखी मोठ्याने, "पूर्ण दोन वर्षं. पूर्ण वेळ. लॅबची सगळी जबाबदारी तिचीच."

"हे अहवालात लिहाल का?" निर्जलाने बाईंना विचारलं. "कामांसकट?"

"मी सगळंच लिहिते," होआंग बाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच मला बोलावतात."

कारखाना पास झाला. नुसता पास नाही, वरच्या श्रेणीत. मालकाचा तोटा होत असतानाही लॅबने लॉट अडवला, यावरून इथली पद्धत स्वतंत्र आणि विश्वासार्ह आहे असं दिसतं, असं अहवालात लिहून आलं. लिंडसेने ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून ऑफिसबाहेर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्यापाशी थांबवायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, आमच्याकडे हे असंच असतं.

निर्जलाने आठवडाभर थांबून त्याच्यापुढे पत्राचा मसुदा ठेवला. त्यातली कामं तिने अहवालातून उचलली होती, शब्दाला शब्द.

लिंडसेने वाचलं. "फार हुशार झालीस तू, निज."

"आले तेव्हाही होते. पदवी तुझ्याच फाइलमध्ये आहे. आणि नाव निर्जला. वर लिहिलंय."

त्याने सही केली. ऐसपैस नव्हती.

पगाराचंही निस्तरावं लागलंच. पगारवाली बाई, जिच्या कटकटीची तो भीती घालत होता, ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू टेक्नॉलॉजिस्टच आहेस. पगार बदलायचं मला कोणी सांगितलंच नाही," आणि पुढच्या महिन्यापासून फरक लावायला सुरुवात केली. काडीची कटकट झाली नाही. लाडकीचं लाडकेपण मात्र संपलं. लिंडसे आता दारातूनही बोलेना, चिठ्ठ्या पाठवायला लागला.

त्या संस्थेच्या मूल्यांकनाचा निकाल अडीच महिन्यांनी आला: पात्र. सिलवाल सरांनी फोन करून अभिनंदन केलं आणि म्हणाले की मला पहिल्या दिवसापासून खात्री होती. निर्जला म्हणाली, "सर, दहा मिनिटं झाली," आणि फोन ठेवला. मग राज्य सरकारकडे शिफारशीसाठी अर्ज, मग आणखी थांबणं. जुना व्हिसा संपायला नऊ दिवस असताना पुढचा अर्ज आत गेला, आणि त्यानंतरचे सात महिने ती अर्जाच्या पावतीवर जगली. पावतीवर राहणाऱ्याला घरमालक विचारतात, बँक विचारते, दातांचा डॉक्टरसुद्धा विचारतो, किती दिवस आहात? ती म्हणायची, तुमच्यापेक्षा जास्त. एकदा तर बँकेतली बाई दचकलीच.

व्हिसा आला तो पाच वर्षांचा. त्यात काही वर्षं याच भागात राहून काम केलं की पुढे कायमचं. टेकराज दाइने हॉटेलातून सुट्टी काढली आणि घरी बोकडाचं मटण केलं. मंजू भाउजू रडली. निर्जलाने आईला फोन केला. आई म्हणाली, "म्हणजे? आधी नव्हता का?"

त्याच महिन्यात तिने लिंडसेचा कारखाना सोडला. रेनमार्कला संत्र्यांचा रस भरणाऱ्या एका कंपनीला फूड टेक्नॉलॉजिस्ट हवी होती. जाहिरातीत तसंच लिहिलं होतं, आणि नेमणुकीच्या पत्रातही तसंच. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, मगच सही केली.

निघायच्या दिवशी लिंडसेने केक आणला. फोटो काढायला कोणाला तरी बोलावलं होतं. कारखान्याच्या पत्रकात छापायचं होतं: परदेशातून आलेल्या गुणवंतांना आम्ही घडवतो. तो तिच्या खांद्यावर हात टाकायला आला. निर्जला बाजूला झाली. ती म्हणाली, "केक खाते. फोटो नको." आणि दोन तुकडे खाल्ले, कारण केक चांगला होता.

लिंडसेने पुढच्या आठवड्यात जाहिरात दिली: लॅब असिस्टंट पाहिजे, अन्नशास्त्रात मास्टर्स असल्यास प्राधान्य.

वसंतात निर्जलाला एका अनोळखी मुलीचा फोन आला. नाव दिलहानी, श्रीलंकेची, नुकतीच पास झालेली. कोणीतरी नंबर दिला होता. लिंडसेच्या कारखान्यात पुढच्या सोमवारपासून रुजू होणार होती.

"अक्का, सॉरी हं, तुम्हाला त्रास देतेय," ती म्हणाली. "मी त्यांना पदाचं विचारलं. ते म्हणाले, पदबिद म्हणजे नुसते शब्द. पुढे व्हिसाच्या वेळी बघू. इतके छान बोलतात ते. मला म्हणाले, आता तू कुटुंबातलीच. चांगला माणूस आहे ना?"

निर्जला रसाच्या टाकीजवळ उभी होती. तिने कानावरची लोकरी टोपी वर सरकवली आणि जरा आडोशाला गेली.

"हो, फार चांगला आहे," ती म्हणाली. "आता तू कागद आणि पेन घे."